फिनाईल विकणारी मीच सांगते, फिनाईल कमी घाला

(नवरात्राच्या आधी झालेल्या ग्रामसंघाच्या मासिक बैठकीतलं भाषण. ताई बोलल्या तसंच, थोडं नीटनेटकं करून छापत आहोत.)



बचत झाली, कर्जफेड झाली, थकबाकीवर बोलून झालं. आता मला अर्धा तास दिलाय आणि विषय दिलाय दसऱ्याची साफसफाई. विषय वाचला तेव्हा मागच्या चारपाच जणी हसल्या, मी बघितलं. म्हणत असतील, आता ही आम्हाला झाडू मारायला शिकवणार! नाही शिकवत. घट बसायच्या आधी अख्खं घर अंगणात काढून, डबे घासून, गोधड्या धुऊन, परत सगळं जागच्या जागी लावणाऱ्या बायका तुम्ही. मेहनतीला कोणी कमी नाही. मला बोलायचंय ते ही मेहनत कुठं वाया जाते त्यावर, आणि कुठं ती आपल्याच अंगावर येते त्यावर.

आमचा गट फिनाईल करतो हे तुम्हाला माहीत आहे. आठवडी बाजारात मी स्टॉलवर बसते. त्यामुळं कोण काय नेतं, कशात काय मिसळतं, हे मला बसल्या जागी ऐकायला मिळतं. "ताई, जरा कडक द्या, वास दोन दिवस राहिला पाहिजे," असं म्हणणाऱ्या बायका रोज भेटतात. धंदा म्हणून मला बरंच आहे, बाटली लवकर संपते. पण वास म्हणजे स्वच्छता नव्हे. बादलीभर पाण्यात बाटलीवर लिहिलंय तेवढंच फिनाईल घालायचं. जास्त घातलं तर फरशी चिकट होते, त्यावर धूळ बसते आणि रांगणारं लेकरू तेच हात तोंडात घालतं.

दुसरं, फिनाईल घाणीवर ओतून उपयोग नसतो. मोरीत शेवाळ, केस, साबणाचा थर तसाच आहे आणि वरून फिनाईल ओतलं, तर ते त्या थरातच संपून जातं, खालच्या जंतूंपर्यंत पोचत नाही. आधी घासा, पाण्यानं धुऊन काढा. मग फिनाईलचं पाणी फिरवा आणि दहा मिनिटं तसंच राहू द्या. आपण काय करतो, इकडं ओततो आणि तिकडं लगेच खराट्यानं लोटून देतो. औषधाला काम करायला वेळ तर द्याल?

आता कामाचा क्रम. वरून खाली या. हे सगळ्यांना माहीत असतं, पण घाईत पाळलं जात नाही. सकाळी उठून आधी फरशी पुसायची आणि दुपारी पोरगा मोकळा झाला की त्याच्याकडून जळमटं काढून घ्यायची, म्हणजे फरशी परत पुसायची. आधी आढं, पत्र्याच्या कैच्या, पंखा, मग फळ्या, मग भिंती, शेवटी जमीन. जळमटं काढण्याआधी पाण्याचे हंडे आणि पिठाचा डबा बाहेर न्या, नाक-तोंड पदरानं नीट बांधा. चुलीच्या घरात वर्षाची काजळी असते, ती छातीत जाते. कोरडं झाडण्याआधी थोडं पाणी शिंपडा. पंखा आणि बोर्ड पुसायचे तर मेन स्विच बंद करा. ओलं फडकं आणि चालू बोर्ड, याबद्दल मी जास्त बोलत नाही.

फडक्यावर मात्र बोलणार आहे. स्वयंपाकघरातलं फडकं बघा आपलं. त्याच फडक्यानं ओटा, त्याच फडक्यानं ताट, त्यानंच तव्याला धरायचं, लेकराचं तोंडही त्यानंच. रात्री ओलंच चुंबळ करून मोरीच्या कठड्यावर. ओलं, उबदार, वर अन्नाचे कण. जंतूंना आणखी काय हवं? सकाळी आपण ओटा पुसत नाही, जंतू ओट्याला लावत असतो. उपाय फुकट आहे. जुन्या साडीची चार-पाच फडकी करा. ताटाचं वेगळं, ओट्याचं वेगळं, जमिनीचं तर वेगळंच. रोज साबणानं धुऊन कडक उन्हात वाळवा. आणि धुतलेली भांडी पुसायचीच कशाला? पालथी घालून उन्हात ठेवा, वाळतात. भांडी घासायला राख घेत असाल तर चुलीतली स्वच्छ राख घ्या. अंगणातली माती नको, तिथं कोंबड्या फिरतात.

आता डाग. इथं थोडं डोकं लावलं तर निम्मे पैसे वाचतात. घरातले डाग मुख्यतः दोन जातीचे. एक तेलकट: चुलीमागची भिंत, गॅसची शेगडी, डब्यांची झाकणं. दुसरा पांढरा, खडबडीत थर: बोअरच्या पाण्याचा क्षार. नळाला, बादलीला, मोरीच्या टाइलला, संडासाच्या भांड्याला बसतो, आणि तोच पुढं पिवळा पडतो. तेलकटाला साबण किंवा धुण्याचा सोडा आणि गरम पाणी लागतं. क्षाराला आंबट लागतं: चिंचेचं पाणी, लिंबू, किंवा किराणा दुकानात लिंबूसत्त्व मिळतं ते कोमट पाण्यात विरघळवून. उलटं केलं की काहीच होत नाही. क्षाराच्या डागावर साबण घासत बसाल तर हात दुखतील, डाग हलणार नाही. मग बाई चिडते आणि ॲसिडची बाटली काढते.

मोबाईलवर हल्ली दाखवतात, सोडा टाका, वर लिंबू पिळा, फेस येतो, सगळं चकचकीत. फेस येतो हे खरं. पण सोडा आणि आंबट एकत्र आले की एकमेकांचं काम मारतात. फेस बसला की हातात खारट पाणी उरतं. सोडा सोड्याच्या जागी वापरा, लिंबू लिंबाच्या जागी.

आणि शहाबादी फरशी! आपल्याकडं निम्म्या घरांत शहाबादी आहे. शहाबादी म्हणजे चुनखडीचा दगड. त्यावर लिंबू, चिंच, ॲसिड काहीही आंबट पडलं की दगडच खाल्ला जातो. ॲसिड टाकल्यावर फसफस होते ना, ती घाण निघत नसते, फरशी विरघळत असते. त्या दिवशी उजळ दिसते, पण वरचा गुळगुळीतपणा जातो, खड्डे पडतात आणि पुढं ती जास्तच घाण धरते. शहाबादीला साधं साबणाचं पाणी आणि ब्रश, एवढंच. मार्बलचंही तसंच.

ॲसिडचा विषय निघालाच आहे, तर ज्यासाठी मी आज उभी राहिले ते सांगते.

आपल्याच प्रभागातली गोष्ट आहे. नाव घेत नाही. नवी सून, लग्नाला वर्ष झालेलं. घरी पाहुणे येणार होते. संडासाचं भांडं पिवळं पडलेलं. घरात टीसीएल पावडर होती, ती तिनं भांड्यात टाकली आणि घासलं. पिवळेपणा जाईना. जाणार कसा, तो क्षार होता. मग तिनं त्यावरच ॲसिड ओतलं. कुणी बघू नये म्हणून दार लावून घेतलेलं. त्या चार बाय चारच्या खोलीत हिरवट पिवळा धूर झाला. घशात आग, डोळ्यांतून पाणी, खोकला थांबेना. आवाज ऐकून सासूनं दार ढकललं आणि तिला ओढून बाहेर काढलं, म्हणून निभावलं. तीन दिवस दवाखान्यात होती. तिच्या सासूनं गटातून कर्ज उचललं ते यासाठी. म्हशीसाठी मागितलेलं कर्ज दवाखान्यात गेलं.

झालं काय, ते समजून घ्या. टीसीएल म्हणजे ब्लिचिंग पावडर. तिच्यात क्लोरीन असतो. ॲसिड पडलं की तो क्लोरीन वायू होऊन एकदम बाहेर येतो. हा वायू फुप्फुसं जाळतो. पहिल्या महायुद्धात सैनिकांना मारायला हाच वायू सोडला होता, 1915 साली. आणि आपण तो दार लावून संडासात तयार करतो! फक्त सुट्टं ॲसिडच नाही. संडास साफ करायला बाटलीत जे जाड द्रावण मिळतं, त्यातही बहुतेक वेळा ॲसिडच असतं. लिंबूसत्त्वसुद्धा टीसीएलसोबत नको. कपडे पांढरे करायचं ब्लीच असतं, तेही कुठल्याच आंबट वस्तूबरोबर नको. अमोनिया असलेल्या काच पुसायच्या औषधाबरोबरही ब्लीच नको, त्यातूनही विषारी वायू निघतो. एक वस्तू वापरली की ती भरपूर पाण्यानं पूर्ण धुवा. दुसरी वापरायची तर दुसऱ्या दिवशी. दार-खिडकी उघडी ठेवून. पाहुण्यांना संडास पिवळा दिसला तर दिसू दे.

मागच्या मावशी विचारतायत, तसं झालंच तर काय करायचं? सगळ्यात आधी बाहेर पळा, मोकळ्या हवेत. पाणी टाकून धूर घालवू म्हणून परत आत जायचं नाही. थोड्या वेळानं बरं वाटलं तरी दवाखान्यात जाऊन या, कारण या वायूनं काही तासांनीही श्वास कोंडतो. ॲसिड अंगावर किंवा डोळ्यात उडालं तर लगेच नळाखाली धरा, किमान पंधरा-वीस मिनिटं. वर हळद नाही, टूथपेस्ट नाही, फक्त पाणी. कुणी चुकून ॲसिड, फिनाईल किंवा रॉकेल प्यायलं तर उलटी करवायची नाही. मिठाचं पाणी पाजायचं नाही. जाताना जे जाळत गेलं ते येतानाही जाळतं. 108 ला फोन करा आणि ती बाटली सोबत न्या, डॉक्टरांना कळायला हवं.

चुकून कसं पितात, विचारा. आपण ठेवतो कशात? सुट्टं ॲसिड, सुट्टं फिनाईल थंड्याच्या बाटलीत. पोरगं खेळून घामाघूम येतं, बाटली ओळखीची असते. 2013 साली सर्वोच्च न्यायालयानं सांगितलंय की दुकानदारानं ॲसिड विकताना घेणाऱ्याचं ओळखपत्र बघायचं, नाव-पत्ता वहीत लिहायचा, 18 वर्षांखालच्याला द्यायचं नाही. तो हुकूम ॲसिड हल्ल्यांमुळं झाला. पण बाजारात काही ठिकाणी अजून पाण्याच्या बाटलीत मिळतं, ते मी डोळ्यांनी बघते. तुम्ही घेऊ नका. माझं स्पष्ट मत आहे, घरात सुट्टं ॲसिड लागतच नाही.

संडासाला तर मुळीच लागत नाही. आपल्याकडं बरेचसे संडास दोन खड्ड्यांचे आहेत. खड्ड्यातला मैला जंतूच कुजवतात, त्यांचंच ते काम. आपण रोज वरून ॲसिड, फिनाईल ओतून त्या कामकरी जंतूंना मारतो आणि मग म्हणतो खड्डा भरला, वास येतो. सेप्टिक टाकीचंही तेच. रोज ब्रश आणि थोडं पाणी, आठवड्यातून एकदा साबणाचं पाणी. क्षार जास्तच बसला तर लिंबूसत्त्वाचं पाणी रात्रभर भांड्यात ठेवा, सकाळी घासा. एकदा नाही गेलं तर दुसऱ्यांदा करा. चिकाटी लागते, पण घसा जळत नाही. ही गोष्ट बोलल्यानं माझीच विक्री कमी होणार, हे आमच्या गटातल्या बायकांनी ऐकलंय, त्या तिकडून बघतायत माझ्याकडं.

आता पाण्याची भांडी. पावसाळा संपत आलाय, डेंग्यूचे हेच दिवस. आशाताई दर आठवड्याला सांगतात, कोरडा दिवस पाळा. आपण पाळतो, पण कसा? रांजण उपडा करतो, पाणी फेकतो, लगेच नवं भरतो. इथंच चुकतं. डेंग्यूचा डास अंडी पाण्यात सोडत नाही. पाण्याच्या कडेला, भांड्याच्या आतल्या भिंतीला चिकटवतो. बारीक काळी असतात, डोळ्याला मळ वाटतो. पाणी फेकलं तरी अंडी भिंतीलाच राहतात आणि कोरडी होऊनही महिनोन्महिने जगतात. नवं पाणी भरलं की ती फुटतात, आणि साधारण आठ-दहा दिवसांत डास उडतो. म्हणून आठवड्याचा हिशेब आहे. म्हणजे काम रिकामं करण्यात नाही, घासण्यात आहे. काथ्यानं किंवा ब्रशनं आतून, काठाला जास्त, खसाखसा घासायचं, ते पाणी फेकायचं, भांडं उन्हात कोरडं करायचं, मग भरायचं.

मला माहीत आहे, आता तुम्ही म्हणाल, नळाला आठ दिवसांनी पाणी येतं, भरलेला ड्रम ओतू कसा? कोणी ओतू म्हणत नाही. पाणी येण्याच्या आदल्या दिवशी तळाला जे उरतं ते झाडाला घाला, घासा, रात्रभर पालथं ठेवा. दोन ड्रम असतील तर आलटून पालटून. भरलेल्या ड्रमला जुन्या साडीचं कापड घट्ट बांधा, नुसतं वर टाकू नका, डासाला फट पुरते. हौद रिकामा होतच नसेल तर आरोग्य केंद्रात गप्पी मासे मिळतात का विचारा, ते डासाच्या अळ्या खातात. आणि जिथं आपली नजर जात नाही तिथं जा: फ्रिजच्या मागचा ट्रे, कुलर, छपरावरचे टायर, अंगणातलं उखळ, करवंट्या, जनावरांच्या पाण्याची टाकी. हा डास दिवसा चावतो, म्हणून शाळेत जाणाऱ्या लेकरांना पूर्ण बाह्यांचे कपडे.

फवारणीच्या औषधाचे कॅन धुऊन पाण्याला वापरतात काही घरांत. कितीही धुवा, प्लास्टिकमध्ये औषध मुरलेलं असतं. भोक पाडा आणि टाकून द्या, म्हणजे दुसरं कोणी वापरणार नाही.

साफसफाईत धान्याची कोठीही निघते. गव्हाला किडे दिसले की धान्यात टाकायच्या गोळ्या आणतात. मैत्रिणींनो, या गोळ्या घरात ठेवायच्या नाहीत, म्हणजे नाहीत. हवेतल्या ओलाव्यानं त्यातून फॉस्फिन नावाचा वायू निघतो. कोठी ज्या खोलीत, त्याच खोलीत माणसं दार लावून झोपतात. या वायूला उतारा नाही, डॉक्टरसुद्धा काही करू शकत नाहीत अशी वेळ येते. सरकारनं या गोळ्या घरगुती वापरासाठी दिलेल्याच नाहीत, गोदामात जाणकार माणसांच्या देखरेखीखाली वापरायच्या आहेत. दुकानदार देतो म्हणून चालतं असं नाही. धान्य दोन-तीन कडक उन्हं दाखवून, दाताखाली कट्‌कन वाजेल इतकं वाळवा, गार झाल्यावर कोठीत भरा, कोठी आधी घासून वाळवून घ्या. वाळलेला कडुनिंबाचा पाला घाला. थोडे किडे झाले तर चाळून घ्यायचं. आपल्या आज्या तेच करत होत्या, आणि सकाळी उठत होत्या.

शेवटी गोधड्या. दरवर्षी एकाच दिवशी घरातल्या सगळ्या गोधड्या ओढ्यावर नेऊन एकटीनं आपटायच्या आणि चार दिवस कंबर धरून बसायचं, हा कुठला हट्ट? ओली गोधडी माणसाएवढी जड होते. एका दिवशी दोनच धुवा. दोघी-दोघी मिळून पिळा, आज तुझ्या, उद्या माझ्या. जशी भिशी फिरते तशी. आणि घरातल्या पुरुषांनाही हाक मारा. आढ्यावरची जळमटं काढायला, ड्रम पालथा करायला ताकद लागते, ती त्यांच्याकडं आहेच. गाडगेबाबा हातात खराटा घेऊन गावोगावचे रस्ते झाडायचे, झाडणं हे बाईचंच काम असतं असं त्यांना कधी वाटलं नाही. त्यांच्या नावानं ग्राम स्वच्छता अभियान आलं तेव्हा, 2000-01 साली, आपल्या गावातले पुरुष खराटे घेऊन फोटोला उभे होतेच की. ते खराटे अजून कुठंतरी असतील.

आता कामाचं. आमच्या गटानं ठरवलंय, इथून पुढं आमच्या प्रत्येक बाटलीवर मोठ्या अक्षरात तीन गोष्टी छापायच्या: किती पाण्यात किती घालायचं, कशात मिसळायचं नाही, आणि लहान मुलांपासून दूर. त्या मजकुराची जास्तीची पानंही काढून आणलीत, सचिवताईंकडं आहेत, एका गटाला एक. ज्यांच्या घरी थंड्याच्या बाटलीत काही भरून ठेवलेलं आहे, त्यांनी आज घरी गेल्यावर आधी ते पान बाटलीला चिकटवा, बाटली वरच्या फळीवर, कुलूप असेल तर कुलपात ठेवा. टीसीएल ज्यांच्याकडं उघडी पडलीय त्यांनी ती घट्ट झाकणाच्या डब्यात, ॲसिडपासून लांब ठेवा. उघडी राहिली की तिची ताकदही जाते. पिण्याच्या पाण्यासाठी मेडिक्लोरचे थेंब आशाताईंकडं मिळतात, किती घालायचे ते बाटलीवर असतं, घातल्यावर अर्धा तास थांबून पाणी प्यायचं.

चहा यायला अजून पाच-दहा मिनिटं आहेत. कुणाला काही विचारायचं असेल तर विचारा. हजेरीचं रजिस्टर मधल्या रांगेत अडकलंय, ते पुढं द्या.